पावलांमागून

कोरियातल्या तेगू शहराच्या त्या मठात नव्या मुलींना पहिला नियम शिकवत तो नजरेचा. चालताना, जेवताना, प्रार्थनेला बसताना नजर खाली. समोरच्याचे तोंड न्याहाळायचे नाही. या एका नियमाने पुष्कळ पोरींना रडवले होते. जोंगबुनचे मात्र कौतुक होई. "नजर कशी ठेवावी ते जोंगबुनकडून शिका," असे मदर जेम्मा चारचौघींत म्हणत.

खरे काय ते स्वयंपाकघरातल्या म्हाताऱ्या सिस्टर बिबियानाला ठाऊक होते. जोंगबुनला घंटाच ऐकू येत नव्हती. ती पुढच्या बाईची पावले बघत असे. पावले उठली की उठायची, वळली की वळायची.

हे उमगले ते किमचीचे लोणचे घालण्याच्या दिवसांत. दोघी मागच्या अंगणात पाठीला पाठ लावून मुळे चिरत होत्या. बिबियाना मीठ मागून मागून थकली. शेवटी वैतागून वळली.

"कानात बोळे घातलेस का गं?"

तोंड समोर आले तशी पोरगी दचकली. "मीठ ना? आणते, सिस्टर."

"थांब. कधीपासून हे?"

जोंगबुनने आधी आजूबाजूला पाहिले. मग म्हणाली, "कापडगिरणीत मागावर होते ना, तेव्हापासून. आधी चिमण्यांची चिवचिव गेली. मग बाकीचं हळूहळू गेलं. सांगू नका हो कुणाला. कान गेलेलीला ठेवून घेत नाहीत."

"तुझ्या बापाला माहीत आहे?"

"त्याला मी इथं आलेलीच खपत नाही. जाते म्हटल्यावर भाताचा वाडगा फेकून मारला त्यानं." तिने भुवईवरची खूण दाखवली आणि हसली. "भात गरम होता. वाडगा वाया गेला म्हणून आई रडली."

बिबियानाने शब्द दिला. त्या दिवसापासून ती पोरीशी बोलताना तोंड समोर धरून, ओठ हलवून बोलू लागली. बाकीच्या सिस्टर म्हणत, "बिबियानाचे दात पडले वाटतं, कशी चघळून बोलते!"

व्रत घ्यायचा दिवस जवळ आला. त्याआधी फादर प्रत्येक मुलीला एकटीला बसवून विचारतात की तू आपखुशीने आलीस ना. बाहेरच्या कुणी आत जायचे नाही, बोलायचे नाही. दरवर्षी तरुण फादर मा येत. त्यांचे तोंड एवढे मोठे, की बिबियाना म्हणे, "त्यांचं बोलणं पलीकडच्या अंगणातून दिसतं." त्यामुळे दोघी निर्धास्त होत्या.

पण त्या सकाळी फादर मा तापाने पडले, आणि त्यांच्या जागी आले म्हातारे फ्रेंच फादर एमिल. आयुष्य कोरियात गेलेला देवमाणूस. मात्र पांढरी दाढीमिशी अशी, की ओठ म्हणून दिसायला नाहीत.

बिबियानाने जोंगबुनला ओसरीच्या कोपऱ्यात ओढले. "घाबरू नकोस. माझ्या वेळेपासून हेच विचारतात. आधी, आपखुशीनं आलीस का? हो म्हण. मग, इथलं कष्टाचं जिणं झेपेल का? हो. मग, कुणी जबरदस्ती केली का? तिथं नाही म्हण. हो, हो, नाही. ध्यानात राहील?"

"हो, हो, नाही," जोंगबुन म्हणाली.

बिबियाना जवाच्या चहाचा ट्रे घेऊन दाराशी थांबली. दार कागदाचे. आतला शब्द न् शब्द बाहेर येत होता.

फादरांचा आवाज फार मऊ होता. "पोरी, बाकीचं राहू दे. आधी मला हे सांग, तुला इथं कुणी जबरदस्तीनं पाठवलं का?"

"हो, फादर." पाठ केलेला धडा म्हणावा तसा खणखणीत आवाज.



"कुणी? वडिलांनी?"

"हो, फादर."

 बाहेर बिबियानाने ट्रे खाली ठेवला.

"मग सांग मला. तुला राहायचं आहे का इथं?"

"नाही, फादर."

बिबियानाने दार सरकवले. "फादर, तिला असं म्हणायचं नाही! परत विचारा. एकदाच परत विचारा!"

जोंगबुनने वर पाहिले. तिच्या चेहऱ्यावर हसू होते. सगळे बिनचूक म्हणून झाले होते ना!

फादर चिडले नाहीत. त्यांचे डोळे भरले होते. "सिस्टर, तुम्ही दाराशी उभं राहून ऐकत होता? यालाच जबरदस्ती म्हणतात. खरं बोलायला पोरीला एवढा वेळ लागला. आता तरी बोलू द्या तिला." त्यांनी जोंगबुनच्या डोक्यावर हात ठेवला. पोरीला वाटले, आशीर्वाद मिळाला.

ते बिशपांकडे निघून गेल्यावर बिबियानाने तोंड समोर धरून तिला काय झाले ते सांगितले. मग जोंगबुनच म्हणाली, "चला. मदरना खरं सांगू."

मदर जेम्मांनी ऐकून घेतले. जोंगबुनला भिंतीकडे तोंड करून उभे केले आणि मागून नावाने हाक मारली. पोरगी हलली नाही. मदरनी पुन्हा हाक मारली, या वेळी त्यांचाच आवाज फुटला. भिंतीकडे तोंड करून जोंगबुन शांतपणे वाट बघत राहिली, हाक कधी येते याची.

"बघितलंस?" मदर खाली बसल्या. "फादरना खरं सांगितलं तर बहिरी म्हणून जाईल. नाही सांगितलं तर बापाच्या जबरदस्तीची म्हणून जाईल. तूच सांग बिबियाना, कुठल्या दारानं घालवू हिला?"

 बिबियानाच्या हातात फक्त स्वयंपाकघराचे मागचे दार होते.

जाणारीने निरोप घ्यायचा नसतो, अशी तिथली रीत. संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळ्या आत गेल्या की तिने निघायचे. जेवताना तिच्या शेजारणी थोड्या सरकून बसतात आणि जागा बुजते.

जोंगबुन आली तेव्हाचे कपडे घालून चुलीपाशी उभी होती. गिरणीतला झगा दंडात घट्ट होत होता. बिबियानाने भाताचे गोळे आणि सुकवलेली पर्सिमनची फळे बोचक्यात बांधली.

"मी चुकीचं बोलले का, सिस्टर?"

"नाही गं. सांगितलं तस्संच बोललीस."

"बाप म्हणेल, सांगितलं नव्हतं तुला?"

"म्हणू दे. वाडगा फेकला तर या खेपेला वाक खाली." दोघींनाही हसू आले नाही.

मग बाहेर घंटा झाली. बिबियानाने बोचके पोरीच्या हातात दिले. तिला अजून काही बोलायचे होते, पण जन्माची सवय. पावले आपसूक प्रार्थनाघराकडे वळली.

मागे जोंगबुन खाली मान घालून उभी होती. पुढची पावले वळलेली दिसली, तशी तीही वळली आणि बोचके छातीशी धरून त्यांच्यामागून चालू लागली. उंबऱ्यापाशी आल्यावर तिला आठवले, आणि ती थांबली.