सरकारी भाडेकरूच्या खिडकीतला एसी

मी एक जुना एसी आहे, खिडकीत बसवतात तसला. मित्रांनो, माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला, पण आयुष्य गेलं दुबईत, करामा नावाच्या वस्तीतल्या एका फ्लॅटमध्ये. मला राजाभाऊंनी आणलं. ते अरब मालकाकडून फ्लॅट भाड्याने घ्यायचे आणि पुढे दुसऱ्यांना भाड्याने द्यायचे.

त्र्याण्णव साली मी आलो, तेव्हा घर रिकामं होतं. आधीचा भाडेकरू भाडं थकवून न सांगता मुलखाला निघून गेला होता. राजाभाऊ पार हबकले होते. तेवढ्यात शोभनाताई आल्या. त्या सरकारी इस्पितळात नर्स होत्या आणि त्यांचं भाडं सरकारच थेट भरणार होतं. राजाभाऊंचा चेहरा उजळला.

"ताई, देवच पावला! भाडं बुडायची भीती नाही, दर वर्षी नवा माणूस शोधायला नको. तुम्ही इथून कधी जाऊच नका."

ताई, त्यांचे यजमान धनंजय आणि लहानगी वैभवी माझ्या गारव्यात अकरा वर्षं राहिली. दर शुक्रवारी ताई माझी जाळी काढून धूत. शेजारचे एसी बंद पडत, मी मात्र कधी मान टाकली नाही. "घराचं सोनं केलंत," असं राजाभाऊ चहा पिताना म्हणत. भाऊबिजेला ताई त्यांना ओवाळत.

मग शहरात भाडी भराभर वाढू लागली. एके दिवशी राजाभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले, "ताई, घराचं रिपेअरिंग काढायचंय. चार महिने दुसरीकडे राहा. इन्शाल्ला, परत तुम्हीच!"

"बट माय एक्झाम्स, मम्मा!" वैभवी म्हणाली.

"अगं, राजाभाऊ काय परके आहेत?"

करार होता, ताईंना कुणी उठवू शकत नव्हतं. तरी त्यांनी आपणहून घर सोडलं. जातानाही माझी जाळी धुऊन बसवली.

दुसऱ्याच दिवशी सुतार आले. त्यांनी प्लायवूड ठोकून हॉलच्या चार खोल्या केल्या. प्रत्येकीत बांधकामाच्या साइटवर राबणारी माणसं कोंबली. माझा वारा एकाच खोलीला मिळे. बाकीचे बिचारे घामाने निथळत. मी रात्रंदिवस धापा टाकत चालत असे.

काम कुठवर आलं ते बघायला एकदा शोभनाताई आल्या. राजाभाऊ तिथेच होते.

"हे रिपेअरिंग?"

"ताई, मार्केट बदललं. सरकार ठरलेलंच भाडं देतं. समजून घ्या ना."

"वाढवून मागायचं होतं, भाऊ. मी ऑफिसात भांडले असते. खोटं कशाला बोललात?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला फार लागलं ते. पण त्यांच्या डोळ्यांत पाणीच एवढं होतं, की त्यांना काही दिसलंच नसेल.

त्या उन्हाळ्यात माझा कंप्रेसर जळाला. पुढे नगरपालिकेची तपासणी झाली. एका घरात एवढी माणसं चालत नाहीत, म्हणून सगळ्यांना निघावं लागलं. काळवंडलेल्या भिंती आणि मी, एवढेच उरलो. तिथे उभं राहून राजाभाऊंनी मोबाइल लावला.

"ताई, घर रिकामं पडलंय. तुमच्या इस्पितळातली एखादी नर्स बघा ना. मला आता सरकारी भाडेकरूच हवा. तुम्ही नुसता शब्द टाका."

पलीकडून ताई काय बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही. मग राजाभाऊ हळूच म्हणाले, "खरंय. माझ्याकडे राहा म्हणून तुम्ही कुणाला कसं सांगणार?"

मित्रांनो, उद्या भंगारवाला मला नेईल. मोठेपणी तुमचीही घरं होतील, त्यांत कुणी भाड्याने राहायला येईल. माझ्यासारखा एसी बाजारात दुसरा मिळतो. पण तुमच्या घराला जीव लावणारं माणूस विश्वासाने आलं असेल, तर त्याला खोटं सांगून उठवू नका. माझं एवढंच मागणं आहे.