चतकोर चूक

तंबूचा मधला खांब दोन्ही हातांनी कवटाळून ती उभी होती आणि काका चिखलात गुडघे टेकून खुंटी ठोकत होते. खुंटी आत जायची आणि हातोडी उचलली की पुन्हा वर यायची. पावसाचं पाणी काकांच्या मानेवरून कॉलरच्या आत उतरत होतं, तरी गडी खुशीत होता.

"धरलंयस ना, डॉक्टर?"

"धरलंय, काका."

ती डॉक्टर नव्हती. चष्म्यांच्या दुकानात लोकांची नजर तपासायची, नंबर काढायची, फ्रेम बसवून द्यायची. पण काकांनी पहिल्याच भेटीत तिला ही पदवी देऊन टाकली होती आणि आता ती परत घ्यायला ते तयार नव्हते. काका म्हणजे मोठ्याचे वडील, काकू त्याची आई. मोठ्याला घरीदारी सगळे मोठाच म्हणत, कारण त्याच्या पाठची बहीण धाकटी होती आणि या घरात कुणी नावांवर फारशी मेहनत घेतलेली नव्हती.

मोठ्यानं तिला लग्नाचं विचारलं होतं. सुट्टीवरून आल्यावर सांगते, असं ती म्हणाली होती. नाही म्हणण्यासारखं त्याच्यात काही नव्हतं. तो शांत होता, आणि नेमकी त्या शांतपणाचीच तिला धास्ती होती. लग्नाआधी तुझे बाबा कसे गाईसारखे होते, असं आई अधूनमधून सांगायची. तेही बाबा घरात नाहीत याची खात्री करून. बाबांनी कधी कुणावर हात उचलला नाही. पण घरात काही सांडलं, फुटलं, हरवलं की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "कुणी केलं?" आणि मग पुढचे कित्येक दिवस त्या प्रश्नाखाली सगळं घर दबून राहायचं. म्हणून मोठ्याचं काहीतरी बिघडलेलं एकदा तिला बघायचं होतं.

तशी सोय पावसानं छान करून ठेवली होती. काका क्रेन चालवायचे. मोठं काम संपवून त्यांनी ही रजा काढली होती आणि तलावाकाठच्या या मुक्कामाचे बेत ते कधीपासून रचत होते. मासे पकडायचे, शेकोटी करायची, उघड्यावर झोपून तारे मोजायचे. निघाल्यापासून आभाळ जे गळत होतं ते थांबायचं नाव घेत नव्हतं. तलाव कुठे संपतो आणि पाऊस कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

"आता वरून ताडपत्री टाकली की काम फत्ते," काका म्हणाले. "काढ रे."

मोठा गाडीच्या डिकीत कमरेपर्यंत वाकला. पिशव्या बाहेर आल्या, स्टोव्ह आला, गाद्यांच्या वळकट्या आल्या. मग त्याच पिशव्या त्यानं पुन्हा उचलून त्यांच्याखाली पाहिलं.

"ताडपत्री कुठाय?"

निळी गुंडाळी तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली, आणि ती कुठे उभी आहे तेही. सकाळी स्वतःची बॅग बसत नव्हती म्हणून तिनंच ती बाहेर काढून फाटकाच्या भिंतीला टेकवली होती. सगळ्यात शेवटी वर ठेवू म्हणून. तेवढ्यात काकूंनी हातात स्टोव्ह दिला, धाकटीनं हाक मारली, आणि ताडपत्री राहिली ती राहिलीच.

"एक वस्तू!" मोठा ओरडला. कुणाकडे बघून नाही, नुसताच. "एक वस्तू धड आणता येत नाही आपल्याला!" आणि त्यानं डिकी अशी आपटली की सगळी गाडी हलली.

ती दोन पावलं मागे सरली. खांब हातातून सुटलाय हे तिला कळलंच नाही. भिजलेला अख्खा तंबू काकांच्या डोक्यावर येऊन बसला.

"डॉक्टर," कापडाखालून आवाज आला, "पेशंट गेला."

धाकटी खो खो हसत सुटली. मोठा हसला नाही. मूठ आवळत, सोडत तो तलावाच्या दिशेनं चालत गेला आणि पाठ करून उभा राहिला. काकूंनी नवऱ्याला तंबूतून सोडवलं, मग तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"चल," त्या म्हणाल्या. "पिळायला मला दुसरं माणूस लागतं."

मुक्कामाच्या जागेच्या कडेला एक पत्र्याची शेड होती. भिंती नव्हत्या, पण डोक्यावर छप्पर होतं. काकूंचं लाँड्रीचं दुकान होतं आणि ओल्या कपड्यांना भिणारी ही बाई नव्हे. त्यांनी खांबाखांबांना दोरी ताणली, भिजलेली चादर काढली, एक टोक तिच्या हातात दिलं. "तू उजवीकडे पीळ, मी डावीकडे. हिसका नको देऊस, कापड दमतं." चादरीतून पाण्याची धार लागली. पिळून झालेली चादर काकूंनी कोरड्या टॉवेलांवर पसरली, टॉवेलासकट गुंडाळली आणि चक्क त्या गुंडाळीवर जाऊन बसल्या.

"बस तूही. आपल्या वजनाचा कुठेतरी उपयोग होऊ दे."

दोघी बसल्या. तलावाकाठी मोठा अजून तसाच उभा होता.

"घाबरलीस," काकू म्हणाल्या.

टॉवेलाचा सुटलेला दोरा ती बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"त्याचा राग घरचाच आहे. बाहेरून नाही आणलेला. तुझे काका दिवसभर क्रेनवर बसायचे, खालच्यांना ऐकू जावं म्हणून वरून ओरडायचे, आणि घरी आले तरी आवाज तोच. वाटी पडली तरी घर चिडीचूप व्हायचं. ही दोन पोरं, इतकी इतकीशी, काही सांडलं की लगेच एकमेकांकडे बोट दाखवायची. मला ते बघवायचं नाही गं."

"आणि आता काका असे..."

"असे आपोआप नाही झाले." काकूंनी बुडाखालची गुंडाळी फिरवून घेतली. "धाकटीनं तुला आमच्या वाटणीचं सांगितलंय ना?"

सांगितलं होतं, एखादा विनोद सांगावा तसं. या घरात काही बिघडलं की सगळे एकत्र बसतात आणि ज्यानं त्यानं चुकीतला आपापला वाटा मागून घ्यायचा. पूर्ण चूक वाटून होईपर्यंत चहा नाही. वाटून झाली की विषय बंद, पुन्हा कुणी काढायचा नाही.

"ते मी काढलं. एकदा दूध उतू गेलं तेव्हा म्हटलं, चला वाटून घेऊ, अर्धी चूक माझी. उरलेली कुणाची? कुणी बोलेना. कितीतरी महिने मी एकटीच वाटे घेत होते. हे टोमणे मारायचे, आली वाटणीवाली म्हणून. मग एकदा माझ्या हातून यांचा नवा शर्ट जळला. मी, इस्त्रीवर पोट असलेली बाई! म्हटलं, ही सगळीच माझी. हे दारात उभे. बाहेर जायला उशीर होत होता, तोंड लाल झालेलं. आणि म्हणाले, घाई मीच लावली होती, चतकोर माझी. त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले."

तिनं काकूंकडे पाहिलं. साबणानं उललेली बोटं, कपाळावर चिकटलेले केस, आणि ओल्या चादरीवर ऐसपैस बसलेली ही बाई. ओरडणाऱ्या माणसाचं घर हिनं अंगचं बळ न दाखवता वळवलं होतं. एवढं मोठं माणूस आपण याआधी पाहिलेलं नाही, असं तिला अगदी स्वच्छ वाटलं.

"राग जाणार नाही त्याचा," काकू म्हणाल्या. "मी तुला फसवायची नाही. येईल, डिकी आपटेल. पण परत येऊन बसेल, एवढं शिकलाय."

तेवढ्यात मोठा आला. निथळत शेडमध्ये शिरला, कुणाकडे न बघता खाली बसला. काकांनी स्टोव्ह पेटवून चहाचं भांडं चढवलंच होतं. धाकटीनं पाचही कप ओळीनं मांडले आणि हात पालथे घालून त्यांच्यावर पहारा ठेवला.

"वाटणी," ती म्हणाली.

"गाडी मी भरली," मोठा खालीच बघत म्हणाला. "अर्धी माझी."

"अर्धी? वा रे वा!" काका उसळले. "कप्तान कोण? निघताना डिकी उघडून एकदा बघायला नको? अर्धी माझी."

"मग आम्ही बायकांनी काय नुसत्या टाळ्या वाजवायच्या?" काकू म्हणाल्या. "स्टोव्हची भुणभुण मी लावली होती."

"आणि मी बोटही लावलं नाही," धाकटी म्हणाली. "गाणी लावत पुढे बसले होते. मलाही पाहिजे."

बरीच घासाघीस झाली. बाजारात लोक कमी करायला भांडतात, इथे वाढवायला भांडत होते. शेवटी काकांना चतकोर मिळाली, मोठ्याला चतकोर, आणि काकू नि धाकटीनं मिळून एक चतकोर घेतली.

"आणि डिकी आपटली, ती वेगळी," मोठा म्हणाला. आता त्यानं मान वर केली आणि सरळ तिच्याकडे पाहिलं. "ती पुरी माझी."

"ती तुझी," काका म्हणाले. "तिच्यात वाटणी नाही."

चहा उकळून वर आला. काकांनी ज्योत बारीक केली.

"एक चतकोर उरली."

"पावसाला द्या," धाकटी म्हणाली.

"पाऊस घरचा नाही. नियम म्हणजे नियम. चल, दे मलाच."

"तुम्हाला मिळालीय, बाबा. मला द्या," मोठा म्हणाला.

"सगळी माझी आहे," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की पत्र्यावरच्या पावसात तो विरून गेला असता. पण सगळे थांबले. मग तिनं सांगितलं. बॅग बसत नव्हती ते, भिंतीला टेकवलेली गुंडाळी, आणि मघाशी मोठा शोधत होता तेव्हाच आठवलं होतं, तरी तोंड उघडलं नाही, तेही. सांगून झाल्यावर तिचे खांदे आपोआप वर आले, मान आत गेली. नजर तिनं कपांवर ठेवली आणि ती वाट बघत राहिली.

"असं कसं चालेल?" काका म्हणाले.

तिनं डोळे मिटले.

"दिलेले वाटे परत घेता येत नाहीत, डॉक्टर. लोकांनी भांडून मिळवलेत. उशिरा आलीस, आता सगळी कुठून आणायची? चतकोर उरलीय, तेवढी घे."

ती बघतच राहिली. काकांचा चेहरा अगदी गंभीर होता. नियम सांगणाऱ्या माणसाचा असावा तसा. तिच्या मागून कुणीतरी कोरडा टॉवेल तिच्या खांद्यांवर टाकला. मग काकू चहा ओतू लागल्या, धाकटीनं रात्री गाडीत कोण झोपणार यावर नवं भांडण काढलं आणि ताडपत्री कुणाच्याच तोंडून पुन्हा आली नाही.

पहिला घोट घेते न घेते तोच तिचा फोन वाजला. आईचा होता. ती कप घेऊन शेडच्या कडेला गेली.

"पोचलात का गं? पाऊस आहे ना तिकडे?"

"धो धो आहे. तंबू पडला. सगळे भिजलोय."

"अगंबाई." आईचा आवाज खाली आला. "कुणी ओरडलं का?"

"हो. डिकी आपटली. मग चहा प्यायलो."

आईला यातलं काय कळलं कोण जाणे. पलीकडे मागून बाबांचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण तो चढा सूर तिच्या चांगला ओळखीचा होता.

"काय झालंय, आई?"

"काही नाही. यांचा चष्मा. मी पुसत होते तर काडीच आली हातात." आई आता जवळजवळ कुजबुजत होती. "सकाळपासून चाललंय. माझंच चुकलं. मीच जोर दिला असेल."

तिनं कप खांबाशी खाली ठेवला. त्या काडीचा स्क्रू झिजलेला होता. मागच्या खेपेला घरी गेली तेव्हा तिनं पाहिलाही होता. दुकानातून नवा आणते म्हणाली होती, आणि ते राहिलंच होतं.

"आई, फोन बाबांना दे."

"त्यांना? आत्ता नको गं. आत्ता ते..."

"दे. मी बोलते."

मोठा तिच्यासाठी बिस्किटं घेऊन आला होता. दोन हातांवर तो थबकला. किती ऐकलं कुणास ठाऊक, पण सगळं ऐकल्यासारखा तो उभा होता. फोनमध्ये काहीतरी सरकल्याचा आवाज आला, मग जड श्वास.

"हं. काय?" बाबा म्हणाले.

खांबाला तिनं पाठ टेकवली.

"बाबा, चष्म्याचं आईनं सांगितलं. तो स्क्रू झिजलाय हे मला माहीत होतं. मी बदलला नाही. अर्धी चूक माझी आहे."

एवढा वेळ बाबा गप्प राहिलेले तिला आठवत नव्हते.

"चतकोर मला ठेव," मोठा हळूच म्हणाला.

तिनं फोनवर हात ठेवला. "तुला? तुझा काय संबंध?"

"ते मागाहून बघू. आधी ठेवून तर घे."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. केसांतून पाणी गळत होतं, बिस्किटं भिजून हातात मऊ झाली होती. तिनं फोनवरचा हात काढला.

"आणि बाबा," ती म्हणाली, "चतकोर तुमच्या होणाऱ्या जावयाची आहे. उरलेली चतकोर तुम्ही आणि आई बसून वाटून घ्या. चहा त्यानंतरच घ्यायचा."