आजीच्या पाठीवरचा डाग

उम्म सत्तामनं भाताच्या दाण्याएवढी एक काच जवाहिरच्या तळहातावर ठेवली आणि हसत म्हटलं, "तुमचं जनावर काच खातं की काय, पोरी? साफ करताना मांडीतून निघाली. वेळेवर दिसली म्हणून बरं, नाहीतर एखाद्या मुलीच्या घशात गेली असती."

जवाहिरनं ती काच बोटानं उलटी केली. आत तांब्याच्या तारेचं बारीक वेटोळं होतं. ही ओळख-आकड्याची चिप तिनं स्वतःच्या हातानं, जाड सुईतून, एका सांड्याच्या, म्हणजे काटेरी शेपटीच्या वाळवंटी सरड्याच्या, कातडीखाली घातली होती.

तिनं ताटाकडे पाहिलं. झाकण नुकतंच उघडलं होतं. बेदाणे पेरलेल्या पिवळ्या भातावर काटेरी शेपूट आडवी ठेवली होती, मानाच्या पाहुण्याच्या बाजूला, म्हणजे तिच्याच बाजूला. शेपटीचं टोक तुटलेलं होतं. शेजारच्या वाटीत अंडी होती. कवच न आलेली, गोल, गर्द पिवळी.

तिचे कान एकदम बंद झाले. चौथीच्या मुली बाह्या मागे सारून ताटाभोवती बसल्या होत्या, एकमेकींना कोपरानं ढकलत होत्या, आणि त्यांचे नुसते ओठ हलताना तिला दिसत होते.

मग तिनं झाकण उचललं आणि ताटावर परत ठेवलं.

पाहुणीनं यजमानाच्या ताटावर झाकण ठेवावं, असं या तंबूत कधी घडलं नसेल. उम्म सत्तामचा हात हवेतच थांबला. मुली गप्प झाल्या. शहद नावाची मुलगी, जी कधीच गप्प बसत नसे, तीसुद्धा. जवाहिर उठली आणि चपला न घालता बाहेर गेली.

वाळवंट निसर्ग मंडळात जवाहिर शाळांच्या सहली बघायची. मंडळाचं वर्ष ठरलेलं होतं. हिवाळी पावसानंतर वाळूखालची भूछत्रं शोधायची फेरी, उन्हाळा सरताना अगस्तीचा तारा पहिल्यांदा दिसतो ती पहाट, शरदात उत्तरेकडून येणारे पक्षी. आणि वसंतात सांडे. यंदाचे सहा सांडे नाक्यावर एका गाडीच्या मागच्या पोत्यात सापडले होते, तोंडं दोरीनं बांधलेली. मंडळाच्या आवारात ते हळूहळू सावरले. चौथीच्या मुली दर आठवड्याला येऊन त्यांना पाला घालायच्या. सगळ्यांत मोठी मादी सुरकुतलेली, संथ, शेपटीचं टोक तुटलेली. मुलींनी तिचं नाव आजी ठेवलं होतं. तिच्या पोटावरून बोट फिरवताना जवाहिरला तिनं अंडी धरल्याचं जाणवलं होतं. ज्या दरीत त्यांना सोडायचं होतं तिथले सांडे शिकाऱ्यांनी कधीच संपवले होते. आजीनं तिथं अंडी घातली असती तर त्या दरीत जन्मलेली पिल्लं कित्येक वर्षांनी दिसली असती. जवाहिरचा सगळा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता.

भीती होती ती शुक्रवारी जीप घेऊन येणाऱ्या शिकाऱ्यांची. त्यावर उपाय तिलाच सुचला होता. दरी ज्याच्या चराईत येते त्या अबू सत्तामच्या, उम्म सत्तामच्या नवऱ्याच्या, प्रत्येक उंटाच्या मानेवर एक डाग होता, एक गोल आणि त्याखाली आडवी रेघ. डाग असलेल्या जनावराला या मुलखात चोरसुद्धा हात लावत नाही. मग सांड्यांच्या पाठीवर तोच डाग काढला तर? मुलींनी ब्रशनं, निरुपद्रवी पांढऱ्या रंगात, सहाही पाठींवर गोल आणि रेघ काढली. मंडळाच्या बैठकीत या युक्तीचं कौतुक झालं. सोडताना अबू सत्ताम स्वतः हजर होता. पाठीवरचा डाग पाहून म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवला आणि तुझं भलं होवो म्हणाला. पुढं एक शब्द विचारला नाही. त्यानं होकार दिला, असं तिनं मानलं होतं.

आज मुली आजीला बघायला आल्या होत्या. आधी जेवण, मग ऊन कलल्यावर बिळांकडे, असं ठरलं होतं. जेवणाचा आग्रह अबू सत्तामचाच.

तो तंबूबाहेर कॉफीच्या विस्तवापाशी बसला होता. तिला अनवाणी येताना पाहून त्यानं किटली खाली ठेवली.

"काय ग पोरी, मीठ कमी पडलं का?"

जवाहिरनं मूठ उघडून काच दाखवली. ही कुठून आली, एवढंच तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

त्यानं काचेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि समाधानानं सांगायला लागला. सोडल्यानंतरच्या आठवड्यात एक घरच्यांनी खाल्ला, दुसरा मेहुणे आले तेव्हा केला. पण मोठी मादी त्यानं कुणाला दिली नव्हती. दोनदा जीपवाले बिळापर्यंत आले, तेव्हा तो बंदूक घेऊन आडवा उभा राहिला. डाग दिसत नाही का, डोळे फुटले का, असं म्हणून त्यानं त्यांना हाकललं. एकानं तर पैसे देऊ केले होते.

"तुझ्यासाठी राखली होती," तो म्हणाला. "अंडी पुरती भरू दिली. जी देते तिला सगळ्यांत चांगलं वाढायचं, आमच्याकडे असंच असतं."

"देते म्हणजे?"

"म्हणजे काय? माझा डाग, माझ्या चराईवर, माझ्या डोळ्यांदेखत सोडलंस. भेट काय आणखी ओरडून द्यायची असते?"

जवाहिर खाली बसली. उभी होती तिथंच, गरम वाळूवर. तिचे आजोबा याच मुलखातले. रियाधला शिकलेली, सांड्याच्या रक्तातली क्षारांची पातळी तोंडपाठ सांगणारी जवाहिर, तिनं लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं की मोठ्या मनाची माणसं भेट कशी देतात. तुझा डाग लावून, तुझ्या कुरणात सोडून, तोंडातून चकार शब्द न काढता निघून जायचं, म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जात नाही. रंगवताना तिला ते आठवलं नव्हतं. डाग तिनं कुलपासारखा वापरला होता, आणि किल्ली कुणाकडे आहे हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "भेट नव्हती ती. ठेव होती. तुमचा डाग बघून कुणी हात लावणार नाही, म्हणून काढला. जगवायचे होते आम्हाला. तिच्या पोटातली ती अंडी... त्यासाठीच सगळं होतं."

अबू सत्तामच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. जागेवर राहिलं, पण त्याच्या मागचं सगळं गेलं. त्यानं समोरचा कॉफीचा भरलेला प्याला उचलला आणि वाळूत ओतला.

"ठेव," तो म्हणाला.

मग त्यानं विचारलं की ती अंडी परत पुरली तर काही होईल का. जवाहिरनं नाही अशी मान हलवली. कवच यायच्या आधीची अंडी, आणि शिजलेली. तिनं ते सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, वाटी त्याच्याच बायकोनं भरली होती.

"या वयात," तो म्हणाला, "ठेव खाल्ली मी. लोकांना काय सांगू? पाहुण्यांना बोलावलं आणि त्यांच्याच ठेवीवर भात घातला."

"चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं."

"हो, तुझी आहे," तो म्हणाला. "पण पोटात माझ्या गेली."

तंबूच्या कनातीआडून शहदचं डोकं बाहेर आलं. बाईंना शोधायला तिला पुढं केलं असणार, किंवा ती स्वतःहूनच आली असणार. तिनं बाईंना वाळूत बसलेलं पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं, ओतलेल्या कॉफीचा ओला डाग पाहिला.

"आत सगळ्या म्हणतायत की ताटात धब आहे, सांडा," शहद म्हणाली. "आमच्या घरी पण करतात, मला माहितीये. पण शेपूट तुटकी आहे, बाई."

जवाहिरनं तोंड उघडलं. मुलींना सांगायचं वाक्य तिनं मनात दोनदा जुळवलं आणि दोन्ही वेळा ते मधेच तुटलं. आजी गेली, असं म्हणायचं? आजी दिसली नाही, असं म्हणायचं? बिळाशी नेऊन, आज बाहेर आली नाही ग, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. क्षणभर तिला ते फार सोपं वाटलं.

अबू सत्ताम उठला. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. बायकांच्या बाजूला तो एरवी जात नसे. दाराशी उभा राहून त्यानं घसा खाकरला, उम्म सत्तामनं डोक्यावरचं वस्त्र पुढं ओढलं, आणि तो मुलींसमोर उभा राहिला; मागोमाग जवाहिर आणि शहद आत आल्या.

"ताटात तुमची आजी आहे," तो म्हणाला. "मी मारली. भेट समजून मारली. ती ठेव होती, ते मला आता कळलं."

एक मुलगी रडायला लागली, मग तिच्या शेजारची. बाकीच्या नुसत्या बघत राहिल्या, झाकणाकडे. उम्म सत्ताम कनातीशी सरकली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. मघाशी तीच तर हसत हसत काच दाखवत होती.

शहद रडली नाही. तिनं विचारलं, "दुसरेपण खाल्ले?"

"दोन."

"चव कशी होती?"

जवाहिरला वाटलं आता म्हातारा चिडेल. तो चिडला नाही. मुलीनं सरळ विचारलं होतं, त्यानं तेवढंच सरळ सांगितलं. "चांगली होती, पोरी."

बाहेर एक उंट ओरडला. अबू सत्तामनं तंबूच्या मधल्या खांबावर तळहात ठेवला आणि जवाहिरकडे वळून म्हणाला की काम त्याच्या रीतीनं करायला हवं होतं, रंगानं नव्हे. ज्याला आसरा हवा असतो तो या खांबाला धरतो आणि सगळ्यांसमोर तोंडानं मागतो. मग त्याच्या केसाला धक्का लागला तर घरमालकाची अब्रू जाते. डाग लावलेलं जनावर मालकाचं. खांब धरून मागितलेलं जनावर पाहुणा. पाहुण्याला कुणी कापत नाही. तीन उरलेत. "माग," तो म्हणाला.

जवाहिर पुढं आली. खांब गुळगुळीत होता, हातांनी झिजलेला. शिजलेल्या मांसाचा आणि वेलदोड्याचा वास तंबूभर होता. याच घराकडे काही मागावं, असं तिला मुळीच वाटत नव्हतं. तरी तिनं काच खिशात टाकली आणि खांब धरला.

"उरलेले तीन तुमच्या आसऱ्याला," ती म्हणाली.

"आले माझ्या आसऱ्याला," अबू सत्ताम म्हणाला. "माझ्या मुलाच्या, नातवाच्या. ऐकलंत सगळ्यांनी?" रडणाऱ्या मुलींनीही माना हलवल्या.

ताट तसंच झाकलेलं राहिलं. कुणी जेवलं नाही. उम्म सत्तामनं मुलींना ताक आणि खजूर दिले, ते मात्र त्यांनी घेतले.

ऊन कललं तसे सगळे दरीकडे निघाले. ठरलं होतं म्हणून, आणि तंबूत बसवेना म्हणूनही. पुढं अबू सत्ताम, काठी टेकत. मुली नेहमीसारख्या पांगल्या नाहीत, घोळक्यानं चालल्या. आजीच्या बिळापाशी त्यांनीच रंगवलेला दगड होता. त्याच्याकडे न बघता सगळ्या पुढं गेल्या.

पुढच्या बिळाच्या तोंडाशी एक नर उन्हात पडला होता. सकाळचा करडा रंग जाऊन हळदीसारखा पिवळा झालेला, पाठीवर गोल आणि रेघ. कात टाकेपर्यंत तो डाग तसाच राहणार होता. अबू सत्ताम त्याच्याकडे बघत थांबला आणि नजर वळवली.

चार हातांवर जवाहिरनं मुलींना थांबवलं. अशा वेळी करायचं ते काम तिचे हात आपोआप करू लागले. गळ्यातलं चिप वाचायचं यंत्र तिनं चालू केलं आणि ते कमरेशी धरून नर बिळात सरकायच्या आत पुढं वाकली.

यंत्र वाजलं.

नर अजून लांब होता. जवाहिरनं पडद्यावरचा आकडा वाचला. तो आकडा तिला पाठ होता. मुलींनाही पाठ होता; दर आठवड्याला त्यांनी तो मोठ्यानं म्हटला होता.

"बाई," शहद कुजबुजली. "आजी."

मुली श्वास रोखून बिळाकडे बघत होत्या. एकीचा चेहरा तर उजळलाच होता, एवढं सगळं ऐकून, पाहून, तरीही.

जवाहिरनं अंगरख्याच्या खिशात हात घातला आणि काच बाहेर काढली. यंत्र पुन्हा वाजलं, तोच आकडा.

"काय म्हणतंय ते?" अबू सत्तामनं मागून विचारलं.

"आजी इथं आहे म्हणतंय," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं हात पुढं केला. तिनं काच त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं मूठ मिटली आणि ती मूठ तशीच छातीशी धरून, पाहुण्यासमोर बसावं तसा, सांड्याकडे पाठ न करता, तो खाली वाळूत बसला.