डायल

वायरमननं नवा सेल टेबलावर धरून त्याच्या दोन्ही टोकांना आपल्या मीटरचे प्रोब, वायरींची टोकं, टेकवले. आकडा दीड व्होल्टच्या जरासा वर. शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याचं मीटर मागून आणलं होतं, ते लावलं, तर तेही तेच म्हणालं. मग डायल एसीवर, लाइनची वीज मोजायच्या जागी नेऊन त्यानं भिंतीतला सॉकेट तपासला. दोनशे तीस. दुसऱ्या मीटरवरही दोनशे तीसच. तो वैतागून उठला, खिडकीपर्यंत गेला आणि परत येऊन बसला.

सकाळपासून हेच चाललं होतं. त्या मुक्या यंत्राची किती उलटतपासणी घ्याल, असं बायकोनं दोनदा विचारून झालं होतं.

त्याला मीटर खोटं निघायला हवं होतं. परवा कामावरच्या पॅनेलवर यानंच शून्य दाखवलं, म्हणून तर तो मेहुण्याला बिनधास्त म्हणाला होता, लाइन बंद आहे, घाल हात. मेहुण्याचा पंजा भाजला. सगळ्यांनी मीटरवर खापर फोडलं, कारण डायल एसीवरच होती, सुपरवायझरनं स्वतः पाहिली होती. आता मीटर खरं ठरलं तर चूक कुणाची?

दाराशी चपला वाजल्या. पट्टी बांधलेला उजवा हात छातीशी धरून मेहुणा आत आला आणि टेबलावरचा पसारा बघून थबकला.

"सोडा ना भाऊजी. जुनं झालंय ते, नवीन घेऊ."

"बरोबर दाखवतंय. मग परवाच कसं चुकलं?"

मेहुण्यानं स्वयंपाकघराकडे नजर टाकली. बहीण आत भांडी घासत होती. त्यानं डाव्या हातानं डायल डीसीवर, बॅटरी मोजायच्या जागी फिरवली आणि मीटर पुढं सरकवलं.

वायरमननं प्रोब सॉकेटमध्ये घातले. शून्य.

परवा पॅनेल उघडण्याआधी इन्व्हर्टरची बॅटरी वायरमननं स्वतःच तपासली होती. त्यानंतर डायल फिरवल्याचं काही केल्या आठवेना.

"तू पाहिलं होतंस?"

"सुपरवायझर यायच्या आत मीच परत एसीवर फिरवली," मेहुणा हळूच म्हणाला. "ताईला कळायला नको."

आतून बायकोनं विचारलं, मीटर बिघडलंय ना शेवटी?

मेहुणा घाईनं हो म्हणाला.

वायरमननं प्रोबच्या वायरी गुंडाळल्या. त्या दोनदा सुटल्या.

"मीटर चांगलं आहे," तो आतल्या बायकोला म्हणाला. "तू जरा बाहेर येऊन बस."