उष्ण ग्रहाचं उत्तर

मित्रांनो, वाटूर फाट्यावर परतूरच्या बसची वाट पाहत उभे राहिलात, तर समोरच्या कापडदुकानाच्या ओट्याकडे बघा. तिथे भिंतीला टेकलेला, एका कोपऱ्याचा टवका उडालेला जुना लाकडी फळा म्हणजे मी.

सुताराने सागाच्या तीन फळ्या जोडल्या, काळा रंग दिला आणि मी शाळेत गेलो. बावीस वर्षे मुलांनी माझ्यावर बेरजा केल्या, नकाशे काढले. मग वर्गात प्रोजेक्टरचा पडदा आला आणि मी जिन्याखाली गेलो. मोडकी बाकं आणि कोळिष्टकं, एवढीच सोबत. मला वाटलं, संपलं सगळं.

तिथून मला उचललं दुकानाच्या प्रेमबाईंनी. त्या लग्न होऊन राजस्थानातून आल्या तेव्हा त्यांना मराठी येत नव्हतं. मग त्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडून एक शब्द मागून घेत. आता त्याची परतफेड म्हणून रोज सकाळी माझ्या डाव्या बाजूला त्या एक शब्द लिहितात. कधी 'ओसंडणे', कधी 'उसंत'. तो वाक्यात वापरून दाखवणाऱ्याला खडीसाखर. उजवीकडे त्यांचे यजमान सुगनचंद कालच्या प्रश्नाचं उत्तर आणि आजचा प्रश्न लिहितात.

माझी सगळ्यात पक्की वाचक सातवीतली जान्हवी. बस येईपर्यंत ती मला वहीत उतरवून घेई.

गेल्या मार्चमध्ये सुगनचंदांनी लिहिलं, 'सर्वात उष्ण ग्रह : बुध'. चारच दिवसांनी तालुक्याच्या प्रश्नमंजूषेत जान्हवीला नेमकं तेच विचारलं. तिने छातीठोकपणे 'बुध' सांगितलं आणि तिची शाळा एका गुणाने हरली. त्यानंतर आठवडाभर ती माझ्यासमोरून गेली, पण मान वर केली नाही. मित्रांनो, जिन्याखालचे दिवस त्यापेक्षा बरे होते.

शेवटी प्रेमबाईंनीच हाक मारली. "काय गं, वही कुठं गेली?"

"तुमचा फळा खोटं सांगतो, काकू. सर्वात उष्ण शुक्र आहे."

सुगनचंद गादीवरून उसळले. "दहा सालात फळा चुकला न्हाई! सूर्याजवळ कोण? बुध. मंग जास्त कोण तापणार? बिलकुल बराबर लिहिलं मी."

जान्हवीने दुकानातली जाड रजई घेतली आणि त्यांना मानेपर्यंत गुंडाळलं. "काका, पाच मिनिटं असंच बसा."

बाहेर चहावाले तातेराव शेगडीपाशी उभे होते. ते हसायला लागले. "शेठ, शेगडीजवळ मी, अन् उकडून तुम्ही राह्यले!"

"बघा," जान्हवी म्हणाली. "बुधाला हवेचं पांघरूण जवळजवळ न्हाईच. शुक्राला कार्बन डायऑक्साइडची जाड रजई आहे. उष्णता सहज बाहेर जातच न्हाई."

"काढ बाई, जल्दी काढ!" सुगनचंद घाम पुसत म्हणाले. "मान्य. उद्या शुक्र लिहितो, झालं?"

"झालं न्हाई," प्रेमबाईंनी खडू पुढे केला. "आधी बुध लिहा, मंग खोडा. गुपचूप बदललं तर ज्यांनी उतरवून घेतलं, त्यांना कसं कळायचं?"

ते खडू घेऊन माझ्यासमोर आले. मग त्यांनी 'बुध' लिहून त्यावर काट मारली, खाली 'शुक्र' लिहिलं आणि त्याखाली, 'चूक माझी. सुगनचंद.' आठ दिवस त्यांनी ते कोणाला पुसू दिलं नाही. जान्हवीने वही काढली आणि खोडलेल्या 'बुध'सकट सगळं उतरवून घेतलं.

आता माझ्या तळाशी एक चौकोन मोकळा ठेवलाय आणि दोरीला खडू बांधलाय. उत्तर चुकलं वाटलं, तर कोणीही लिहावं. मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसा, पावसात आत घ्या, एवढं माझ्यासाठी करा. पण मला खरंखोटं कळत नाही. जे लिहाल ते मी अंगावर वागवतो. तेव्हा मला वाचा आणि तपासाही.

आज चौकोनात कोणाचं तरी बारीक अक्षर आहे : 'कालचं उत्तर पुन्हा बघा.' सुगनचंद गिऱ्हाइकाला थांबवून पुस्तक उघडून बसलेत.