आंदेमे गातेय तोवर

"वहिनी, इंजिनापेक्षा तुमचाच आवाज मोठा!" केळ्यांच्या घडांवर बसलेली म्हातारी ओयाने ओरडली.

"पण त्याला तेल लागत नाही ना, मावशी!" मागून कुणीतरी म्हणालं. होडीभर हशा पिकला.

होडीच्या पुढच्या टोकाशी बसलेल्या आंदेमेनं गातागाताच मान डोलावली. उत्तर द्यायची तिला सोय नव्हती. गाणं तोडलं असतं, तर मागे इंजिनाशी बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, मिंकोनं, होडी वळवली असती.

लोकांना वाटे, बाई देवभोळी, ओगोवे नदीच्या पाण्यावर येशूचं नाव पेरत जाते. ते खोटं नव्हतंच. पण नाव घेता घेता तिची नजर पाण्यावरून हलत नसे.

बाप गेल्यावर मिंको दीक्षेला बसला होता. इबोगा झुडपाच्या मुळाची साल चघळायची आणि गेलेल्यांना भेटून यायचं. बापानं केलं, आज्यानं केलं. दीक्षेत सांभाळणाऱ्याला 'आई' म्हणत; त्या जागी काका उशाशी बसले होते, बेतानं साल भरवत होते. उजाडत आलं तरी बाप काही दिसेना. काकांचा डोळा लागताच मिंकोनं टोपलीतली मूठभर साल तोंडात कोंबली. बाप तरीही आला नाही. जे आलं, ते मात्र परत गेलं नाही. भिंती श्वास घेऊ लागल्या, दिव्यांना शेपट्या फुटल्या, नदीत नसलेले ओंडके तरंगू लागले. काकांनी पाल्याच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, दवाखान्यातल्या नर्सनं गोळ्या दिल्या. झोप लागू लागली; ओंडके राहिले.

खरे ओंडकेही नदीत असतच, लाकूडवाल्यांच्या तराफ्यांतून सुटलेले, होडी फोडणारे. म्हणून नवरा-बायकोनं आपसात ठरवलं होतं: आंदेमे गातेय तोवर समोर नुसतं पाणी. ती गप्प झाली की ओंडका खरा; हात दाखवेल तिकडे वळायचं.

बेटाला वळसा घातला आणि तिला तो दिसला. काळा, लांबलचक, अर्धा बुडालेला. तिनं गाणं तोडलं, उजवा हात उचलला.

होडी सरळच चालली.

तिनं वळून पाहिलं. मिंको ओंडक्याकडेच बघत होता. शांतपणे. आणि तालात मान डोलवत होता.

"मिंको! अहो, वळवा!" आंदेमे ओरडली.

शेवटी ओयानेच्या किंकाळीनं तो दचकला. ओंडका होडीला करकरत घासून गेला. केळ्यांचे घड पाण्यात पडले, पोरं रडायला लागली.

"डोळे गहाण टाकलेस काय रे मेल्या!" म्हातारी धक्क्यावर उतरेपर्यंत शिव्या घालत होती.

सगळे गेल्यावर आंदेमे हळूच म्हणाली, "मी गप्प झाले होते हो."

"नाही गं. गात होतीस. आत्तासुद्धा…"

 त्याची नजर तिच्या मिटलेल्या ओठांवर गेली. मग त्यानं इंजिनाची ओढायची दोरी सोडवली, नीट गुंडाळली आणि तिच्या ओंजळीत ठेवली.

"मी मागितली, तरी देऊ नकोस."

संध्याकाळी अंगणात ती कसावाचे कंद सोलत होती, न गाता. मिंको उंबऱ्यावर बसला होता. त्याची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती.

"हे कडवं फार गोड म्हणतेस तू," तो म्हणाला.

आंदेमेनं कान देऊन ऐकलं. तिच्या कुठल्याच गाण्याचा तो ठेका नव्हता. तरी तिनं सुरी खाली ठेवली आणि त्यात बसतील असे शब्द शोधू लागली.