निशाणावरचं भोक

पलटणीच्या शिवणखोलीत आज तिसऱ्या पिढीची सुई होती, आणि ती चालवणारी मुलगी भलतीच खुशीत होती. तिच्या वडिलांची, म्हणजे पलटणीच्या शिंपीमास्तर आबांची, नजर अधू झालेली. आज स्थापना दिन. तिनं दुरुस्त केलेलं निशाण सुभेदारांनी पास केलं, तर आबांची जागा तिला मिळणार. नाहीतर बाहेरचा शिंपी येणार.

सकाळी सातला सुभेदार आले. लाल रेशमावरून त्यांनी बोट फिरवलं. एकदा, दोनदा.

"मास्तरांच्या मुली, भोक कुठंय?"

"बुजवलं की! असं रफू केलंय, भिंग लावलंत तरी दिसायचं नाही."

सुभेदार मटकन स्टुलावर बसले. "अगं, काय करून बसलीस हे! पुलावरच्या लढाईत इथून गोळी गेली. निशाण धरणारा पडला, पण निशाण कुणी पडू दिलं नाही. तेव्हापासून चारही कंपन्यांचा एकेक जवान त्या भोकात बोट घालून शपथ घेतो. नऊला संचलन आहे!"

तिच्या तोंडचं पाणी पळालं. कोपऱ्यात बसलेल्या आबांनी कपाळावर हात मारला. "माझंच चुकलं. चाळीस वर्षं त्याच्या नुसत्या कडा सांभाळल्या मी. हेही सांगावं लागतं, हे डोक्यातच आलं नाही!"

"कडा?" ती ताडकन उठली. "आबा, कडेला आजोबांचे टाके होते. ते कापायला माझा हात धजला नाही. रफूखाली तसेच आहेत!"

चिमटा घेऊन ती एकेक धागा उपसायला लागली. सुभेदार डोक्यावर उभे, मिनिटाला घड्याळ बघत.

"सुभेदार," ती मान वर न करता म्हणाली, "बाहेर जाऊन मिशांना पीळ द्या. इथं उजेड अडवताय."

शेवटचा धागा निघाला तेव्हा साडेआठ वाजले होते. आबांनी कडेवरून बोटं फिरवली. "माझ्या बापाचे टाके," ते म्हणाले. "एकही हललेला नाही गं, पोरी."

संचलन झालं. चार बोटं त्या भोकातून आरपार गेली, आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या तिला अभिमानानं रडू फुटलं. तिनं ते पुसलंही नाही.

दुपारी सुभेदार निशाण घेऊन शिवणखोलीत आले.

"कड एका जागी सैल झालीय. तेवढी बघून ठेवा, मास्तर."

"हो, हो," आबा सवयीनं म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला. पण सुभेदारांनी निशाण तिच्या हातात ठेवलं होतं.